वर गेलेला हात

तीर्थपुरीच्या यष्टीत नगरसेवक मल्हारी तोंडाला उपरणं गुंडाळून बसल्ता. पुढच्याच बाकावर त्याच्या वार्डातली भाजीवाली आसराबाई अन् तिची सून रेणू.

"आत्याबाई, बाजारातली बायांची मुतारी पाडायचा ठराव झाला म्हणं. तिथं गाळे होणार."

"मंग दिवसभर जायचं कुठं? आताच मी सकाळधरून पाणी पीत न्हाई."

"एका हाताच्या फरकानं पास झाला. त्यो हात मल्हारीभाऊचा."

"हट! माझ्या डोळ्यांदेखत वाढलेलं लेकरू हाय ते. भांडलं असंल बिचारं."

"कशाचं भांडतंय? नगरपालिकेतला शिपाई सांगून राह्यला ना. तिकडं ठराव वाचून झाला अन् हिकडं भाऊनं चहा मागायला हात वर केला. तोच मोजला."

"मंग उठून सांगायचं ना, ह्यो हात चहाचा व्हता म्हणून."

"लाजला असंल, आत्याबाई. चारचौघांत हसले असते."

"अस्सं? त्याला चारचौघांत लाज वाटती, अन् आम्ही उघड्यावर बसायचं?"

पुढून कंडक्टर ओरडला, "तिकिटाचं कोण राह्यलं? हात वर करा जल्दी!"

मल्हारीचंच राह्यल्तं. पण त्याचा हात काही वर होईना.