बर्फाच्या धारेवर कप्तान

...नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाला तोंड वासूनसुद्धा हवा पुरत नाहीये, त्याला कुणी 'श्वास नाकाने घे' म्हणून सांगतं का? कप्तान सांगतो. पायथ्यापासून सांगतोय. गुडघाभर बर्फ, पायात मणाचे बूट, बुटांखाली लोखंडी दाते, कंबरेला दोर, म्हणजे गिर्यारोहक कमी आणि बाजाराला निघालेलं जनावर जास्त, आणि पुढून आपलं चालूच, "नाकाने रे, नाकाने. तोंड मीट." तुम्हाला सांगतो, मी नकोच म्हणत होतो.

कप्तान म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. विमा विकतो. शाळेत कसल्याशा संघाचा कप्तान झाला होता, पावसामुळे सामना झालाच नाही, पण पद राहिलं ते राहिलंच. मी चष्मे विकतो. दिवसभर स्टुलावर बसून लोकांना 'वरची ओळ वाचा' म्हणायचं, हाच माझा व्यायाम. तर हा दुकानात आला, काचेच्या कपाटावर कोपर टेकलं आणि म्हणतो कसा, "असं किती दिवस जगणार तू?" आता विमेवाल्याने असं विचारल्यावर माणूस मनातल्या मनात उरलेली वर्षं मोजणार की नाही? घरी सांगितलं, तर बायको म्हणते, "जा की. भाऊजी आहेत ना बरोबर, मग मला काळजी नाही." म्हणजे मी एकटा असलो की काळजी! तरी मी नकोच म्हणत होतो...

तिसरा आमचा दंतवैद्य. अबोल. समोरच्याचं तोंड कायम उघडं, त्यामुळे त्याला उत्तरं ऐकायची सवयच नाही. आणि सगळ्यात पुढे वाटाड्या, तो तर दंतवैद्यापेक्षा अबोल. मग बोलायचं कुणी? कप्तानाने. पाऊल कसं टाकावं, काठी कशी धरावी, खाली का बघू नये, मी मनाने कच्चा कसा आहे, लहानपणी झाडावरून कसा रडत उतरलो होतो... अहो, त्या पहाडाचं कौतुक करायचं सोडून माझं चरित्र!

आणि मग ती धार आली. धार म्हणजे काय, तर मधे पाऊल मावेल एवढा बर्फ, डावीकडे काही नाही, उजवीकडे त्याहून काही नाही. शिखर तिथून हाकेवर दिसत होतं. मी देवाचं नाव घेत पाय टाकतोय आणि एकाएकी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कान हलके झाले. तुम्हाला सांगतो, कप्तान गप्प झाला होता.

बघतो तर हा धारेवर दोन्हीकडे पाय टाकून बसलाय, घोड्यावर बसावं तसा, आणि बर्फाला मिठी मारलीय. मी म्हटलं, "काय रे?" तर अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मला हलता येत नाहीये." वाटाड्या म्हणाला, "आभाळ भरतंय. उतरायचं." दंतवैद्य नुसता शिखराकडे बघत राहिला. हसू येईल तुम्हाला, पण तेव्हा मला हसू आलं नाही. त्याचे ओठ निळे पडले होते, आणि चौघे एका दोराला. तो घसरला असता तर आम्ही काय वर राहणार होतो?

वाटाड्याने त्याला बसल्याबसल्या उताराकडे फिरवलं, मी त्याच्यापुढे बसलो, पाठ त्याच्याकडे केली आणि म्हटलं, "खाली बघू नकोस. माझ्या पाठीवरच्या पिशवीवर चिठ्ठी शिवलीय ना? वरची ओळ वाच." मग मागून रडका आवाज, "गरम... पाण्यात... धुऊ नये." मी एक पाऊल उतरलो. "पुढची?" "पिळू नये." पुन्हा एक पाऊल. चिठ्ठी संपली की पुन्हा पहिल्यापासून. अख्खी धार आम्ही कपडे धुण्याच्या सूचनांवर उतरलो, मागून वाटाड्या दोर सोडतोय, आणि मी पुढचं पाऊल शोधण्यात असा गुंतलोय की मी नकोच म्हणत होतो, हेसुद्धा आठवायला सवड नाही.

तळावर आल्यावर कप्तान ढसाढसा रडला. म्हणाला, "घरी सांगू नकोस रे. पोरं मला मानतात." आता काय म्हणणार? शाळेपासूनचा मित्र. मी शब्द दिला, दंतवैद्यानेही मान हलवली.

परवा सगळे आमच्याकडे जेवायला होते. आणि वाढून होतं न होतं, तोच कप्तानाने घसा खाकरला. "शिखर असं हातावर होतं, वहिनी. पण याने बर्फाला मिठी मारली. मी म्हटलं, शिखर काय, पुन्हा येईल. मित्र पुन्हा येत नाही." दंतवैद्याने भाताचा मोठा घास तोंडात कोंबला. मी बघतोय. कप्तान माझ्याकडे बघत नाहीये. बायकोने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "अहो, निदान आभार तरी माना भाऊजींचे."

मी उठलो. शब्द दिला होता ना... हात जोडले, तर त्याने मला उराशी धरलं, पाठीवर थोपटलं, सगळ्यांचे डोळे भरून आले. आणि काय सांगू तुम्हाला, त्या रडारडीत मलाही वाटून गेलं, खरंच, हा नसता तर माझं काही खरं नव्हतं.