सहाशे बारावी ओळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आज निवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती आमचे मोठे साहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, संगणक विभागातले माझे सहकारी, आणि खिडक्या बंद करून वेळात वेळ काढून आलेल्या नोंदणीच्या सगळ्या ताई, आपल्या सर्वांना माझा नमस्कार.

साहेबांविषयी दोन शब्द बोलायचा मान मला मिळाला आहे. खरं तर हा मान विभागातल्या दुसऱ्या अधिकाऱ्यांचा, आमच्या धाकट्या साहेबांचा. पण सकाळीच त्यांचा घसा बसला, आणि त्यांनी विभागात नजर फिरवली तेव्हा बाकीचे सगळे अचानक कामात बुडालेले होते. मी तेवढी रिकामी सापडले. विभागातली मी सर्वांत नवी, अजून कायमसुद्धा झालेली नाही. माझी मुदत पुढच्या महिनाअखेरीस संपते, आणि पुढे माझं काय होणार ते सेवापुस्तकातल्या एका शेऱ्यावर अडलंय. तो शेरा साहेबांच्याच सुंदर हस्ताक्षरात आहे. तेव्हा साहेबांविषयी माझ्याइतक्या तळमळीनं दुसरं कोण बोलणार?

साहेबांची शिस्त आपण सगळे जाणतो. त्यांनी सही केली की तिच्याखाली कोणी काही लिहीत नाही. तसा लेखी नियम कुठेही नाही. मी रुजू झाले त्या आठवड्यात सर्व्हरच्या फाईलमध्ये पहिल्यांदा काहीतरी लिहीत होते, तर धाकटे साहेब मागून म्हणाले, "अगं, खाली नको. ती मोठ्या साहेबांची ओळ आहे. तिच्या वर लिही." मी वर लिहिलं. नव्या माणसानं असंच वागायचं असतं.

आता वहिनींना थोडं समजावून सांगायला हवं, कारण साहेब ऑफिसचं घरी काढत नाहीत असं ऐकलंय. पेशंटच्या नोंदी, तपासण्या, औषधं, हे सगळं ज्या यंत्रात राहतं तो आमचा डेटाबेस सर्व्हर. त्यानं कसं वागायचं ते एका लांबलचक फाईलमध्ये लिहिलेलं असतं. एका वेळी किती संगणकांच्या जोडण्या आत घ्यायच्या, तो आकडाही तिथेच. आमच्याकडे जुनी ओळ खोडायची पद्धत नाही. कोणाचं मन कशाला दुखवा? ज्याला आकडा बदलायचा तो आपली नवी ओळ घालतो, पुढे तारीख आणि आद्याक्षरं. या एकाच आकड्याच्या आमच्याकडे नऊ ओळी होत्या. सर्वांत खाली, सहाशे बाराव्या जागी, साहेबांची होती. दोनशे.

पंचाईत एवढीच, की सर्व्हरला ज्येष्ठता समजते ती उलटी. एकाच गोष्टीचे नऊ आकडे दिले, तर तो शेवटचा धरतो आणि वरचे आठ सोडून देतो.

म्हणजे अकरा वर्षं आमच्यापैकी ज्यानं ज्यानं तो आकडा बदलला, त्याचा बदल लागू झालाच नाही. पण माणसं किती समाधानी असतात बघा. धाकट्या साहेबांनी चार वर्षांपूर्वी दोनशेचे तीनशे केले. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, की सर्व्हर आता लोण्यासारखा चालतोय. त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांच्या खुर्चीमागे टांगलेलं आहे, फ्रेमही चांगली आहे. तेव्हा गर्दी दोनशेच्या वर जातच नव्हती, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

मग नवी इमारत झाली, खिडक्या दुप्पट झाल्या, आणि आकडा पाचशे करायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी मी ओळ लिहिली, फाईल जपून ठेवली, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, आणि बदल केल्याचा अहवाल दिला. सोमवारी सव्वानऊला सगळ्या खिडक्या गपगार. आत जागा नाही म्हणून सर्व्हर कोणाला घेईना. नोंदणीच्या ताई इथे आहेत, त्या दिवशी लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं ते त्याच सांगतील. एक आजोबा दोन तास रांगेत उभे राहून जमिनीवर बसले होते. ते मी पाहिलंय.

साहेबांनी विचारलं, "बदल केला होतास?"

"केला होता, साहेब."

"मग इथे दोनशे का दिसतंय?"

मी पुन्हा फाईल उघडली, माझी ओळ होती. मशीन तेच होतं, फाईल तीच होती. सर्व्हर दोनदा बंद-चालू केला, तरी दोनशेच. शेवटी नव्या खिडक्या बंद ठेवून जुन्यांवरच काम रेटलं. इथे माझीही चूक आहे, ती मी कबूल करते. फाईलमध्ये माझी ओळ दिसली की मी वाचायचं थांबत होते. तिच्या खाली चार ओळी उतरायचं मला सुचलंच नाही. आणि कोणत्याही आकड्याबद्दल सर्व्हरलाच विचारता येतं, की बाबा, हा तू कुठून घेतलास. तेही मी विचारलं नाही. धांदलीत डोकं चाललं नाही, दुसरं काय?

बुधवारी साहेबांनी माझ्या सेवापुस्तकात शेरा लिहिला. "बदल न करता केल्याचे खोटे सांगितले." घरी आईला सांगितलं तर ती जेवता जेवता उठली.

गुरुवारी सकाळी मी सर्व्हरला विचारलं. त्यानं फाईलचं नाव सांगितलं आणि ओळ सांगितली. सहाशे बारा. मी लॅपटॉप उचलला आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले. धाकटे साहेब तिथेच होते, आस्थापना शाखेचे काकाही होते. साहेबांनी चष्मा लावला.

"ही माझी ओळ."

"हो साहेब."

"अकरा वर्षांपूर्वीची."

"हो साहेब."

"मग इतकी वर्षं या सगळ्यांनी काय केलं?"

"वर लिहिलं, साहेब."

धाकटे साहेब छताकडे बघत होते. मग साहेब म्हणाले, "चहा घेणार?" आणि मोठेपणा बघा, त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःची ओळ रद्द केली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पाचशे दिसले, दहा मिनिटांत नव्या खिडक्याही चालू झाल्या. मला म्हणाले, "पोरी, तुझी काही चूक नाही. शेऱ्याचं बघू."

याला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात साहेबांनी मला भेटेल त्याच्यासमोर निर्दोष ठरवलंय. जिन्यात, कॅन्टीनमध्ये, एकदा तर लिफ्टमध्ये अनोळखी माणसांसमोर. मी त्यांची ऋणी आहे. आई मात्र दर सोमवारी विचारते, "त्याचं काय झालं गं?" जुनं दुखणं असावं तसं विचारते, आणि मी सांगते, "बघू म्हणालेत."

सर्व्हरलाही असं तोंडी सांगता येतं बरं का. काही आकडे फाईलमध्ये न लिहिता, तो चालू असताना बदलता येतात. तो मुकाट ऐकतो. पण बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तो फाईल वाचतो, आणि तुमचं तोंडी बोलणं त्याच्या गावीही नसतं. सोमवारी साहेबांच्या खुर्चीत नवे साहेब बसतील. ते मला ओळखत नाहीत. ते सेवापुस्तक उघडतील आणि त्यात जे लिहिलंय ते वाचतील. त्यांचं काही चुकणार नाही.

मला राग आला होता, साहेब, आणि तो अजून गेलेला नाही. माझं काम चुकलं असं लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. मी खोटं बोलले असं लिहिलंय, आणि मी खोटं बोललेली नव्हते.

आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. साडेपाचपर्यंत साहेब आमचे अधिकारी आहेत. आस्थापनेच्या काकांनी सेवापुस्तक सोबत आणलंय, ती पिशवी त्यांच्या मांडीवरच आहे. शेरा रद्द करण्याचा मजकूर मी टाइप करून आणला आहे. शब्द साहेबांचेच आहेत, जिन्यात म्हणाले होते ते: "बदल केला होता. माझ्या जुन्या ओळीमुळे तो लागू झाला नाही." त्याखाली फक्त सही हवी. वहिनी, साहेबांना घरी यायला पाच मिनिटं उशीर होईल, तेवढं सांभाळून घ्या.

अध्यक्ष मॅडमनी मला मध्येच थांबवलं नाही आणि आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल तर मला खुशाल नावं ठेवा, फक्त सेवापुस्तकात लिहू नका. काका, पुस्तक साहेबांसमोर ठेवा. साहेब, पान चौदा. मी इथेच उभी आहे.