माझ्या जावेचा दम

मी सुमन. माहेर अमळनेरकडचं, गाव एवढं लहान की नाव सांगून तुम्हाले कळायचं नाही. शाळेत एक बाई होत्या, त्यांनी पोरींची कबड्डी बसवली, तिथं मी डावा कोपरा धरायची, म्हणजे समोरची पोरगी चढाईले आली की तिचा पाय धरायचा, आणि धरला की सोडायचा नाही. आई म्हणायची हिच्या हातून म्हैस सुटत नाही तर पोरगी काय सुटेल. मंग लग्न झालं, सुरतेले नवागामात आली, नवरा लूमवर कारीगर, सासू त्याच खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बॉबीन भरायची, तिच्यासंगे मले लावलं.

काय सांगू तुम्हाले, पहिल्या दिवशी खात्यात पाय टाकला आणि तो आवाज असा अंगावर आला की मी बाहेर येऊन उलटी केली. शंभर लूम एका वेळी चालते तर तिथं माणसानं ओरडून काय होणार. कोणी ओरडत नाही. तिथं ओठानं बोलतात, नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही, समोरच्यानं ओठ पाहून समजायचं. चहा आला, बॉबीन संपली, खात्याचा मुकादम मेताजी येऊन राहिला, सारं ओठावर. सासूनं मले हेच आधी शिकवलं, काम नंतर शिकवलं. म्हणे घसा फाडशील तर संध्याकाळी पोराले हाक मारायले आवाज उरायचा नाही. आणि ही खोड घरी आली तरी जात नाही, बरं का. माझा नवरा भांडतो तेही ओठानंच, मी पाठ फिरवली की त्याचं भांडण संपलं.

तर लता. लता माझी धाकटी जाऊ, दिराची बायको, साक्रीकडची. लग्नात पाहिली तेव्हा मी म्हटलं ही काडी काय काम करणार, वाऱ्यानं उडून जाईल. सासू थकली तशी तिच्या जागेवर लता आली, माझ्याच बाजूच्या मशीनवर. बोलणं कमी. पहिलं वरीसभर मले वाटे हिले माझा राग आहे का काय.

मंग आमच्या सोसायटीत बायकांच्या खेळांचा कार्यक्रम झाला, लिंबू-चमचा, संगीतखुर्ची असं सारं, मी म्हटलं हे काय पोरखेळ, कबड्डी ठेवा. पुरुष हसले. आम्ही साडी खोचून उतरलो आणि लता पहिल्यांदा चढाईले गेली. मी समोरच्या बाजूले होती, कोपऱ्यात. मी तिचा पाय धरला, धरला म्हणजे माझी खात्री की धरला, आणि पाहते तर माझ्या मुठीत माती, आणि ही पलीकडे आपल्या रेषेवर उभी, पदर नीट करून राहिली. मी इतक्या जणी धरल्या आयुष्यात, असं कधी झालं नव्हतं. मी तिथंच बसून राहिली. मले त्या दिवशी जे वाटलं ते मी देवळात पण कमी वेळा अनुभवलं.

तिथून आमचा संघ झाला. साऱ्या कामाच्या बायका, कोणी बॉबीनवाली, कोणी साडीले लेस लावणारी, एक तर शाळेत खिचडी शिजवते. रजेच्या दिवशी सकाळी सोसायटीच्या मागच्या प्लॉटवर जमायचं, टी-शर्ट आणि ट्रॅकपँट घालून, सासरे लोक दिसले की वरून ओढणी. तिथं लताचा दम ऐकायचा, कबड्डी कबड्डी कबड्डी, खणखणीत, प्लॉटच्या भिंतीवरून परत यायचा, दूधवाला गाडी थांबवून पाहायचा. हे ध्यानात ठेवा, प्लॉटवर तिचा आवाज चांगला होता, मी या कानांनी ऐकलेला आहे.

मंग जिल्ह्याची खुली स्पर्धा लागली, बारडोलीकडे. मेताजी म्हणे एका घरातल्या दोघी एका दिवशी कशा सोडू, तर आम्ही रजेच्या दिवशी काम करून भरून दिलं, तेव्हा सोडलं. तिथं कॉलेजच्या पोरी, बूट काय, गुडघ्याले पट्टे काय. आम्ही दोन मॅच जिंकलो. तिसरीले गर्दी फार, ढोलवाले, माईकवर एक जण सारखा बडबडून राहिला. लता गेली, दोघींले शिवून आली, आणि पंचानं शिट्टी मारली. बाद. म्हणे दम तुटला. पुढच्या चढाईले पुन्हा तेच. मी गेली भांडायले. पंच गुजराती, वयस्कर, शांत माणूस, म्हणे बेन, अवाज नथी आवतो. मी म्हटलं ओठ हलून राहिले ना, दिसत नाही का तुम्हाले. तो म्हणे ओठ कोणीही हलवेल, ही श्वास चोरते.

चोरते म्हणे. साऱ्यांसमोर. माझं डोकं फिरलं, मी काय काय बोलली ते मले सांगता येणार नाही, मले मैदानाबाहेर काढलं आणि मॅच आम्ही हरलो. वरून असोसिएशनचे एक साहेब आले, ते आपले मराठी, बँकेत आहेत, ते म्हणे वहिनी, तक्रार लिहिली गेली आहे, पुढच्या वेळी ही बाई तुमच्या संघात नको.  लता बसमध्ये खिडकीशी बसली आणि उधना येईपर्यंत एवढंच म्हणाली, ताई, मी चोर नही शे.

आता ऐका. दुसऱ्या दिवशी खात्यात मी बॉबीन भरून राहिली, लतानं मले हात केला, चहा आला म्हणून सांगितलं, ओठानं. मी उठली. आणि उठता उठता थांबली. मी तिच्या ओठाकडे पाहतच राहिली. अहो, तिथं गर्दी होती. ढोल होते. आवाज चढला की आमचा गळा आपोआप बंद होतो, बोलणं ओठावर येतं, इतक्या वर्षांची सवय, आपल्याले कळत पण नाही. प्लॉटवर शांत असतं म्हणून तिथं तिचा दम खणखणीत. मैदानात जितका कल्ला जास्त तितकी ती मुकी. ती पूर्ण दम घालून राहिली होती, बिचारी, एक श्वास घेतला नव्हता तिनं, फक्त आवाज बाहेर निघत नव्हता. पंच पण खोटा नव्हता. त्याले खरंच ऐकू आलं नाही.

मी तिले सांगितलं तर ती म्हणे काहीतरीच, मी तर वरडी राहिनू व्हतू. तिले स्वतःले वाटे की ती ओरडून राहिली.

मंग आम्ही काय केलं, खात्यातच सराव. चहाच्या सुट्टीत, चालत्या लूमच्या मधोमध तिले उभी केली, म्हटलं घाल दम. पण तिथं तिचा आवाज निघतो का नाही हे कळावं कसं, मले ऐकू येईना, तिले पण नाही. मंग मी तिच्या पाठीवर हात ठेवला, दोन खांद्यांच्या मधे. आवाज नसला तर पाठ नुसती खालीवर होते. आवाज निघाला की हाताले मुंग्या लागल्यासारखं होतं. तेवढ्यावर आम्ही शिकलो. किती दिवस पाठ गप्पच होती, ती रडकुंडीले यायची, कारीगर हसायचे की या जावा-जावांचं काय चाललंय. आणि एके दिवशी माझ्या तळव्याले लागलं. एवढ्याशा पाठीत केवढा आवाज, खालून वर चढत गेला, मी हात काढला नाही. माझे डोळे भरले, मी म्हटलं ओठानंच, आला.

साहेबाकडे गेली मी, बँकेत, लोक रांगेत असताना. म्हटलं एक मॅच खेळू द्या, शिट्टी वाजली तर आम्ही साऱ्या जणी सोडून देऊ. पहिले तर नियम नियम करत बसले. मंग म्हणे ठीक आहे, पण पंच तेच राहतील. मी म्हटलं तेच पाहिजेत.

डिंडोलीकडच्या मैदानावर झाली ती मॅच. नवागाम सारा आलेला, थाळ्या वाजवून राहिले, आपलेच लोक पण कल्ला एवढा की मले वाटलं यांनी घात केला. मी बाद होऊन बाजूले बसलेली. लता चढाईले गेली. आता तुम्हाले खरं सांगते, लूमनं माझे कान गेलेत अर्धे, डॉक्टर म्हणतो परत यायचे नाहीत. त्या गर्दीत मले काहीच ऐकू येईना. तिचे ओठ हलून राहिले, पण ओठ तर तेव्हाही हलले होते. मंग मी तिच्याकडे पाहायचं सोडलं आणि पंचाकडे पाहिलं. शिट्टी त्याच्या ओठात, गाल फुगलेले, मान वाकडी करून कान पुढं केलेला. ती आत गेली, निदानरेषा ओलांडली, तिघी तिच्यावर पडल्या, ती त्यांच्या खालून सरकत, बोटं लांब करत, अजून, अजून. पंच तिच्यासंगे वाकत वाकत जमिनीपर्यंत गेला. आणि तिची बोटं मधल्या रेषेले लागली तसा त्यानं शिट्टी तोंडातून काढली, दोन्ही हात आमच्या बाजूले केले, तीन गुण. जाता जाता तिले म्हणाला, संभळायुं, बेन. ऐकू आलं म्हणजे.

ती मॅच आम्ही हरलो, सांगून टाकते. कॉलेजच्या पोरी भारी होत्या. पण चोर हा शब्द पुसला गेला, आणि जिल्ह्याच्या शिबिरासाठी साहेबांनी तिचं नाव घेतलं. आता ती पहाटे पळते, दिवसा बॉबीन भरते, मेताजी कुरकुरतो, मी तिची मशीन संभाळते. माझा गुडघा गेला, मी आता काही कोपरा धरायची नाही.

लोक अजून सांगतात की काय आवाज होता, बाई, काय आवाज होता. साऱ्या नवागामनं ऐकला, एक मीच नाही ऐकला. म्हणून कधीमधी भाकरी करताना मी तिले म्हणते घाल ना गं दम, आणि पिठाचा हात तिच्या पाठीवर ठेवते. ती लाजते, पण घालते. देव तिले असाच दम देवो, माझे कान राहिले तर राहिले, गेले तर गेले, हात आहे अजून.