घाटातलं रडार

चव्वेचाळीस साली, लढाई चालू असताना, चौसाळ्यात ढोरांच्या दवाखान्यापुढच्या रांगेत ऐकलेलं.

"शहादेव भाऊ, बैलाचा खांदा कशानं वो सोलला एवढा?"

"पलटणीची मोटार वढून, भिवराबाई. मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली. पाटलानं चार जोड्या वेठीला धरल्या, त्यात माझी."

"काय होतं मोटारीत?"

"रडार म्हणं. शंभर कोसावरचं विमान हेरतंय. पायजे तिथं नेता येतंय म्हणं."

"मग त्येला वढायला बैल काऊन लागले?"

"त्येच तर! दिवसभर आमी वढलं, अन् वर पोचताच शिपाई म्हणतो, तोंड फिरव. बघायचं न्हाई, कुठं बोलायचं न्हाई, न्हाईतर कैद! मला बघू देईना, मग बैलांच्या डोळ्यांवर काऊन न्हाई बांधलं फडकं?"

"हळू बोला, भाऊ. मागं पोलिसाचा जमादार उभा हाय."

"असू द्या! मी काय चोरी केली?"

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

"अरे अरे! काय ओढायला लावलं याला?"

"काईच न्हाई, साहेब! लिवून घ्या. सरकारचा हुकूम हाय, ह्या बैलानं काईच वढलं न्हाई!"