पायाकडचं झाकण

— झाडू ठेव खाली! मयत उठेपर्यंत केर काढायचा नाही.

— बिस्किटं संपली. पत्ते खेळणारे काही संपत नाहीत.

— कुठले बूट घातलेत त्यांना?

— मला ताप आहे, अते. आज जागरणाला नाही येऊ शकत.

— एकच माणूस हसला. पण हसला.

(बूट शिवणाऱ्यांच्या मारिकिना गावातलं प्रार्थनाघर, सकाळ. ताताय, म्हणजे नेनिता आणि आर्नेलचे वडील, पेटीत आहेत. पेटीला डोक्याकडे काच, पायाकडे बंद झाकण. त्यांची आई, नानाय, बाहेर बाकावर डुलकी घेते आहे. नेनिता कॉफीचे कप विसळते. धाकटा आर्नेल दारात उभा; थोरल्या बहिणीला तो अते म्हणतो.)

नेनिता : उतरला का ताप?

आर्नेल : अते, ऐकून तरी घे.

नेनिता : काल ऐकलं की. माईक हातात धरून. तापाने फणफणलेला माणूस काय छान बोलत होता!

आर्नेल : तुम्ही त्या कॉफीच्या दुकानात आलातच कशाला? अख्ख्या मारिकिनात दुसरीकडे कॉफी मिळत नाही?

नेनिता : मयतीवरून सरळ घरी गेलं की मेलेला मागोमाग येतो, हे आता तुला शिकवू? नानायला अंघोळीला न्यायचं होतं. तिया पुरिंग म्हणाली, आधी कुठेतरी टेकू, अंगावरचं झटकू, मग घर. समोर दिवे दिसले, शिरलो. खुर्च्या ओढतोय तोवर तू वर उभा. "माझ्या बापाने जन्मभर गावाला बूट घातले, आणि आम्ही त्याला अनवाणी पेटीत ठेवलाय!"

आर्नेल : मग? खोटं आहे?

नेनिता : मेलेल्याला बूट घालत नाहीत, घरात पावलं वाजतात, हे शेंबडं पोरही जाणतं. पण बूट करणाऱ्याला? त्यांच्याबरोबर टाके घातलेली माणसं येतात, काचेत तोंड बघतात आणि विचारतात, कुठले घातलेस? मी सांगते, तपकिरी, त्यांनी स्वतः शिवलेले. झाकण बंद आहे, कोण बघतंय?

आर्नेल : हेच तर हसण्यासारखं आहे!

नेनिता : मग कुणी हसलं का नाही?

आर्नेल : हसलं.

नेनिता : तिया पुरिंग छातीवर क्रुसाची खूण करत उठली. सख्खा भाऊ तिचा. तरी तुझं चालूच. "अते म्हणते पावलं वाजतील. अगं, जिवंत होता तेव्हा तीन वर्षं वाजली नाहीत!"

आर्नेल : त्यावरच हसलं कुणीतरी. मागून, अंधारातून, अगदी पोटातून. अते, लोकांना हसवायची पाळी मिळावी म्हणून किती दिवस मी तिथे फळ्यावर नाव लिहितोय. जीपनी गाडीच्या ड्रायव्हरची नक्कल करून झाली, कॉल सेंटरच्या साहेबाची करून झाली. समोर सगळे मोबाईलमध्ये. खोकतही नाहीत. काल पहिल्यांदा कुणी हसलं. त्यावर मालकाने शुक्रवारी दहा मिनिटं दिलीत.

नेनिता : शुक्रवारी तू जाणार नाहीस.

आर्नेल : जाणार.

नेनिता : मग उद्या पेटीमागून चालायचं नाही.

आर्नेल : तू कोण ठरवणार?

नेनिता : मीच. ते बाकोलोदच्या त्या बाईकडे गेले तेव्हा तू लंगोटात होतास. शाळा सोडून सँडलच्या पट्ट्या कुणी शिवल्या? तुला त्यातलं काय आठवतं रे? माझ्याकडून ऐकलेलंच तिथे खपवतोयस.

आर्नेल : मग कशावर बोलू? दुसरं काय दिलं त्याने मला?

नेनिता : तो हसणारा कोण होता, माहितीये?

आर्नेल : कोण?

नेनिता : नानाय.

आर्नेल : काहीतरीच.

नेनिता : शेजारीच बसले होते ना मी. आधी मोकळी हसली, मग तोंडात रुमाल कोंबला. खांदे गदगदायला लागले. मला वाटलं, रडतेय. पाठीवर हात ठेवला तर झटकला तिने. इतकी वर्षं तिचं सगळं मी करतेय. माझ्यासमोर कधी अशी हसली नाही. आणि तू, माझीच गोष्ट सांगून...

आर्नेल : अच्छा. दुखणं हे आहे तर.

नेनिता : थोबाड फोडीन. गप, मांग इस्को येतायत. (वयाने मोठ्या माणसाला इथे मांग म्हणतात, काका म्हणावं तसं.)

मांग इस्को : काय पोरांनो. शांत दिसतोय गं तुझा बाप. मी त्याच्या शेजारच्या पाटावर बसायचो. नेन, कुठले घातलेस त्याला?

नेनिता : (विसळलेला कप पुन्हा विसळायला घेते.)

मांग इस्को : आर्नेल, तू तरी सांग बाबा.

आर्नेल : तपकिरी, मांग इस्को. त्यांनी स्वतः शिवलेले.

मांग इस्को : दुहेरी टाक्याचे?

आर्नेल : दुहेरी. पॉलिशही केलंय.

मांग इस्को : मग झालं तर. बसतो जरा तुमच्या नानायजवळ.

नेनिता : पॉलिशही?

आर्नेल : विचारलं त्यांनी.

नेनिता : कुठे विचारलं!

आर्नेल : अते, माझ्याकडे जेमतेम तीन मिनिटांचं आहे. दहा कशी भरू?

नेनिता : एकाचंही नाही तुझ्याकडे. सुरुवात ठाऊक नाही, शेवट ठाऊक नाही.

आर्नेल : मग सांग.

नेनिता : कप पूस.

आर्नेल : पुसतोय.

नेनिता : आतून पण.

आर्नेल : पुसतोय म्हटलं ना.

नेनिता : ते परत आले तेव्हा दार मी उघडलं. त्यांच्या पायात काही नव्हतं.