घरटी दोन पाहुणे

राहिल: ...हॉलच सील झालाय, दादी. मालकाकडे फायर ब्रिगेडची परवानगी नव्हती. जेवणही त्याचंच होतं. परवा मेहरीनचा निकाह, खारबावहून वरातीची शंभर माणसं येणार. बसवू कुठे, वाढू काय?

मेहरीन: आणि तू सुपारी कातरत बसलीयस!

जमिला: मग काय ऊर बडवून घेऊ? माझ्या लग्नात तर जेवण घालायलाच बंदी होती. पासष्टची लढाई नुकती सरलेली. तांदूळ रेशनवर, तोही कणीचा. बाकी सगळी लाल ज्वारी. आम्ही भात खाणारी माणसं, घास गिळवत नसे. त्यात सरकारचा हुकूम, लग्नात मोजकीच पानं मांडायची. आणि वरात आली ऐंशी माणसांची!

मेहरीन: मग उपाशी पाठवली?

जमिला: तोंड बघ हिचं! माझ्या बापाने आधीच दारोदार जाऊन हात जोडले होते. घरटी दोन पाहुणे वाटून टाकले. एका जागी गर्दी नाय, हुकूम मोडला नाय. ज्याने त्याने आपल्या रेशनमधलं रांधलं. बाया आठवडाभर एक वेळ पेजेवर राहिल्या, मूठ मूठ तांदूळ मागे टाकला. मला कुणी कळू दिलं नाय गो.

मेहरीन: या अल्ला! तेही दुसऱ्याच्या पाहुण्यांसाठी!

जमिला: पुढचं ऐक. वाटणीत माझा सासरा गेला मंगळीकडे. डोंगरातली बाई, आमच्या मागावर सुताच्या कांड्या भरायला यायची. घरात तांदळाचा दाणा नाय. अब्बाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. सासरा तापट, निकाह अजून पढायचा होता. वरात परत न्यायलाही कमी केलं नसतं त्याने.

राहिल: काय वाढलं तिने?

जमिला: नाचणीची भाकर आणि रानातले कंद, उकडलेले करांदे. सासरा आला ढेकर देत. अब्बाने भीत भीत विचारलं, जेवलात काय? म्हणाला, "बिर्याणी. तुमच्या नशिबात नव्हती." मरेपर्यंत हेच सांगितलं. ईदचा पहिला डबा मंगळीकडे तो स्वतः घेऊन जायचा.

मेहरीन: कसली माणसं होती गं ती!

राहिल: ती तेव्हाची माणसं, दादी. आता बिल्डिंग आहे. इतकी वर्षं राहतोय, जिन्यात कुणाशी धड बोललो नाही.

जमिला: विचारलंस कुणाला?

राहिल: कुठल्या तोंडाने विचारू?

जमिला: माझ्या बापाने विचारलं, त्याच तोंडाने. ऊठ. वरच्या माळ्यापासून सुरू कर.

(तासाभराने. राहिल धापा टाकत दारात.)

राहिल: मनिषाताई म्हणतात दोन कशाला, चार द्या, फक्त मटण नाही जमणार, वरण-भात चालेल का? किशनकाका सहा घेतायत. पाहुणेच पुरेनात, दादी!

मेहरीन: मग तोंड का पाडलंयस?

राहिल: तळमजल्यावरचा दिनेश. एका खोलीत चार लूम-कामगार राहतात, म्हणून मी त्याचं दार वाजवलंच नाही. जिन्यात अडवलं मला. म्हणाला, "हमको गिना ही नहीं?"

जमिला: रागावला?

राहिल: खूप.

जमिला: जा, माफी माग आणि दोन पाहुणे दे त्याला. मेहरीन, डोळे पूस बघू. पार पडलं तुझं लग्न.