पोटात ओली

रंगाच्या दुकानात रांग होती. रंगारी उद्याच्या कामाचं सामान घ्यायला उभा होता. त्याच्या मागे दोघी बहिणी, थोरलीच्या हातात न फोडलेला रंगाचा डबा.

"परत करतेस? भावजींनी हौसेने आणला ना?"

"हौस कसली, घाई. माळ्यावरची टाकी फुटून भिंत भिजली, त्याला बाराच दिवस झालेत. हे हात लावून म्हणतात, वाळली."

"मग नाही का वाळली?"

"ओल काढणारा माणूस येतो ना, त्याने ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया भिंतीत टोचून बघितलं. म्हणाला, ताई, हाताला कोरडी आहे, पोटात ओली आहे. आत्ता रंग द्याल तर पोपडे निघतील."

"आणि त्याने लावलेलं ते ओल शोषायचं मशीन?"

"ह्यांना घरघर सहन होत नाही. माझी पाठ वळली की मशीन बंद. कालपासून मी मशीनशेजारीच गादी टाकलीय."

"रविवारी लेकीच्या सासरचे येणार ना?"

"येऊ देत. भिंत आहे तशी बघतील."

"पण भावजींनी ठरवलेला रंगारी उद्याच येतोय म्हणे."

"खाली शिंप्याच्या दुकानाच्या दारातच उभी राहते. जिना चढायच्या आत परत पाठवते. रंगारी काय, दाखवाल तिथे ब्रश फिरवतो. भिंत त्याची थोडीच आहे."

रंगाऱ्याचा नंबर आला.

"काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"शिंप्याच्या दुकानावरचं काम होतं उद्या," रंगारी म्हणाला. "ते आता भिंत वाळल्यावर. आधी ताईंचा डबा परत घ्या."